बंद फ्लॅटमधून येणारं गरम पाणी

ह्या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वाचते. वाचते आणि मनात म्हणते — काहीही! मी एक्स-रे टेक्निशियन आहे, उस्मानपुऱ्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात. माणसाच्या आत काय आहे ते फिल्मवर दिसतं, आणि जे दिसत नाही ते नसतं, असं माझं साधं गणित. भूतबित, चाहूलबिहूल... असल्या गोष्टींना लागणारा रिकामा वेळच मला आयुष्यात कधी मिळाला नाही. त्यामुळे फुगवून सांगणार नाही, जसं झालं तसं लिहिते. आणि आधीच सांगून ठेवते, हा अनुभव स्मशानाचा नाही की विहिरीचा नाही, ड्रेनेजच्या पाइपचा आहे. हसू आलं तर हसा. मलाही आधी हसूच यायचं.

आम्ही गारखेड्यात राहतो, तळमजल्यावर. जुनी, चार मजली इमारत. आमच्या बरोबर वर पहिल्या मजल्यावर गायकवाड मॅडम, त्यांच्या वर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी देशमुख आणि सगळ्यात वर, तिसऱ्या मजल्यावर, नलूकाकू. ह्या चार स्वयंपाकघरांचं सांडपाणी एकाच उभ्या पाइपातून खाली येतं. तो पाइप आमच्या भांडी घासायच्या बाल्कनीच्या कोपऱ्यातून उतरतो आणि जमिनीखालून मागच्या बोळातल्या चेंबरला जातो. म्हणजे वरच्या तिघांनी जे ओतलं ते आधी आमच्या दारातून जाणार. तुंबलं तर आमच्या सिंकमधून उलटं वर येणार. तळमजला घेताना हे कोणी सांगत नाही.

घरात मी, माझे मिस्टर सुनील आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना मी आई म्हणते. त्यांचं माहेर पाचोडकडचं. नलूकाकूही तिकडच्याच, शेजारच्या गावच्या. इथं राहायला आल्यावर दोघींची ओळख निघाली आणि मग काय, रोज संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर दोघी भाजी निवडत बसायच्या. आई त्यांना 'नली' म्हणायच्या. अख्ख्या बिल्डिंगीत काकूंना अगंतुगं करणाऱ्या त्या एकट्याच.

नलूकाकूंचे मिस्टर गेल्यावर काकूंनी घरी चकल्या, शेव, अनारसे करून द्यायला सुरुवात केली. हाताला चव होती, ऑर्डरी मिळायला लागल्या. आणि त्याच सुमारास आमचं सिंक तुंबायला लागलं. आपल्या शहरात पाण्याची काय तऱ्हा आहे ते इथल्या लोकांना सांगायला नको. नळ कधी येईल तेव्हा येईल, मधले दिवस टँकरवर. मग माणूस भांडी धुतो तीही चमचा-चमचा पाणी घेऊन. तेल पाइपात उतरतं पण पुढं ढकलायला पाणीच नसतं, ते तिथंच थिजून बसतं. थंडीत तर विचारू नका. हे सगळं आता कळतंय. तेव्हा आईंनी सरळ हिशोब केला — वर कढई चढते, म्हणून खाली तुंबतं.

एक दिवस आमच्या सिंकमधून काळं पाणी ओट्यावर आलं. नेमकं सणासुदीचं, घरात पाहुणे. आई तरातरा जिन्यात गेल्या आणि सगळ्यांसमोर काकूंना बोलल्या. "तुझ्या तेलानं माझं घर नासवलं नले! तुला पोट भरायचंय, पण आम्ही का म्हून घाणीत मरावं?"

काकूंच्या हातात पिठाचा डबा होता. तो तसाच घेऊन त्या वर निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी, चहाची भांडी झाली की, पाइपातून धो धो पाणी यायला लागलं. काकू मोठ्या पातेल्यात पाणी उकळायच्या, त्यात धुण्याचा सोडा टाकायच्या आणि सिंकमध्ये सोडायच्या. टंचाईतलं पाणी, बरं का. मला गायकवाड मॅडमनी सांगितलं — काकू तळणाचं उरलेलं तेल कधीच ओतत नव्हत्या, बाटलीत भरून ठेवायच्या. कढई आधी जुन्या पेपरनं पुसायच्या, मगच घासायच्या. पूर्वीपासून. मी हे आईंना सांगून पाहिलं. त्यांनी मान फिरवली. रोज पाइप वाजला की मात्र म्हणायच्या, "नलीनं पाणी सोडलं." बस्स तेवढंच. पायरीवरचं बसणं मोडलं ते मोडलंच.

पुढं आईंना पॅरालिसिसचा झटका आला. डावी बाजू गेली, वाचा शाबूत राहिली. त्यांचा पलंग त्या बाल्कनीला लागून असलेल्या खोलीत टाकला, कारण उजेड तिथंच येतो. काकू एकदा भेटायला आल्या होत्या. दारात उभ्या राहिल्या. आईंनी डोळे मिटून घेतले. काकूंनी माझ्या हातात डबा दिला, म्हणाल्या, "मऊ भात आहे गं, मीठ कमी टाकलंय," आणि गेल्या. मग त्यांचा मुलगा मंगेश त्यांना पुण्याला घेऊन गेला आणि उन्हाळ्यात, तिकडंच, झोपेत गेल्या. मंगेशनं फ्लॅटला कुलूप घातलं, किल्ली गायकवाड मॅडमकडं ठेवली.

मी आईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "फॅन लाव जरा."

आता खरी गोष्ट.

पावसाळा संपता संपता घरात वास सुरू झाला. आधी सकाळी, मग दिवसभर. नासलेल्या तुपाचा, ओल्या मोज्यांचा, मेलेल्या उंदराचा... सगळ्याचा मिळून एक वास असतो ना, तसा. मी सिंकला जाळी बसवली. आमची स्वतःची भांडी पेपरनं पुसून घासायला लागले. बाजारातली पावडर झाली, लिंबू झालं, तार घालून झाली. कामावरून यायचं, आईंना पुसून घ्यायचं, कूस बदलायची आणि मग पदर खोचून पाइपात तार घालत बसायचं. सुनील वाळूजच्या कंपनीत शिफ्टमध्ये, त्यांचा तरी काय दोष. पण मी दमले होते हो. इतकी, की वासाचाही राग यायचा बंद झाला होता.

आईंनी मात्र जेवण सोडलं. घास तोंडाजवळ नेला की मान वळवायच्या. "वास येतो गं. घशाखाली उतरत नाय." हाताची हाडं दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून जेवणाची नळी घालावी लागेल. सुनील एका रात्रपाळीहून आले आणि म्हणाले, "आईला काही दिवस दुसरीकडं ठेवू या का? अशा माणसांना सांभाळायच्या जागा असतात..." मी हो म्हणाले नाही, नाही पण म्हणाले नाही. आईंच्या खोलीचं दार उघडं होतं.

त्याच आठवड्यात आई एका दुपारी म्हणाल्या, "नलीनं पाणी सोडलं."

मी कपड्यांच्या घड्या घालत होते. वाटलं, झालं, आता डोकंही चाललं ह्यांचं. मी म्हटलं, "आई, नलूकाकू आता नाहीत." तर म्हणतात, "मला ठाव हाय. बहिरी नाय मी." दुसऱ्या दिवशी माझी ड्यूटी होती. त्यानंतरच्या सुट्टीला पुन्हा तेच. ह्या वेळी मीही ऐकलं. पाइप खळाळला, वरून खालपर्यंत. मी बाल्कनीत गेले, सहज पाइपाला हात लावला.

पाइप गरम होता. म्हणजे कोमट नाही, चहाच्या कपासारखा गरम.

मला वाटलं देशमुख वहिनींनी काही ओतलं असेल. वर गेले. गायकवाड मॅडमच्या दाराला कुलूप, त्या शिक्षिका, शाळेत गेलेल्या. देशमुख वहिनी दार उघडून म्हणाल्या, "कसलं पाणी गं वंदना, टाकी कोरडी पडलीये सकाळपासून, मी इथं टँकरवाल्याच्या नावानं बोंब मारतीये." मी तिसऱ्या मजल्यावर गेलेच नाही. कुलूप खालूनच दिसत होतं. खाली आले, आईंना काही बोलले नाही आणि घड्या पूर्ण केल्या. तुम्ही म्हणाल, घाबरली नाहीस? घाबरायला सुद्धा अंगात थोडं बळ लागतं.

शेवटी एका रविवारी सकाळी सोसायटीनं प्लंबर बोलावला. जावेदभाई. थंडी चांगली पडली होती. टाकीत पाणी नव्हतंच, तरी देशमुखांनी वरचा वॉल्वसुद्धा बंद केला. आमच्या लाइनीतले सगळे मागच्या बोळात चेंबरभोवती उभे — मी, सुनील, गायकवाड मॅडम, देशमुख नवरा-बायको. आत फक्त आई, पलंगावर. जावेदभाईंनी चेंबरचं झाकण काढलं आणि सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. पाइपाचं तोंड पांढऱ्या, घट्ट थराने पार बुजलेलं. डब्यात थिजलेला डालडा असतो ना, तसं.

देशमुख म्हणाले, "हे त्या काकूंच्या चकल्यांचं. मी तेव्हाच सांगत होतो."

जावेदभाई हातानं ते उकरत होते. म्हणाले, "नै साब. वो फ्लॅट तो कब का बंद है बोले ना? ये ऊपर का थर ताजा है. नीचे का पुराना. सबकाच है ये, किसी एक का नै." मग आमच्या सिंकच्या लाइनीच्या जोडाकडं बोट दाखवून म्हणाले, "सबसे जास्ती तो ये तळमजलेवाला है मॅडम, बुरा मत मानो." मी काय वाईट वाटून घेणार. आईंच्या हातची पुरणपोळी, वर तुपाची धार, आणि तीच ताटं वर्षानुवर्षं त्या सिंकमध्ये धुतलेली.

ते पुन्हा वाकले, खांद्यापर्यंत हात आत घातला, आणि एकदम ओरडून मागं पडले.

"पानी बंद करो बोला था ना मैं! कौन छोड्या गरम पानी?"

त्यांचा हात लाल झाला होता. आणि पाइपातून पाणी येत होतं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. वाफा निघत होत्या, त्या थंडीत चेंबरच्या तोंडातून चांगल्या दिसत होत्या. पांढरे गोळे सुटून पुढं वाहायला लागले. सोड्याचा वास आला, धुण्याच्या सोड्याचा, मला चांगला ओळखीचा. एक मोठं पातेलं रिकामं व्हावं इतकं पाणी आलं. थांबलं. मग पुन्हा तेवढंच आलं.

आम्ही एकमेकांकडं बघत होतो, जणू आपल्यातलंच कोणीतरी वर आहे. देशमुख वहिनींनी माझा दंड धरला होता. जावेदभाई म्हणाले, "ऊपर कौन है?"

गायकवाड मॅडम म्हणाल्या, "कोणी नाही हो. किल्ली माझ्याकडंच आहे."

आतून आईंचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. "नलीनं पाणी सोडलं."

देशमुखांनी मंगेशला फोन लावला, फ्लॅट उघडायची परवानगी घेतली. आम्ही सगळे वर गेलो. कुलूप गंजलेलं, तेल सोडून उघडावं लागलं. आत बंद घराचा वास, दुसरं काही नाही. ओट्यावर बोटभर धूळ. सिंक कोरडं ठाक. जावेदभाईंनी सिंकखालचा वाकडा पाइप, ज्यात नेहमी थोडं पाणी साचून राहतं, तो खोलला. त्यातून वाळलेली झुरळं पडली आणि भुकटी. थेंब नव्हता. नळ फिरवला, नुसती हवा सुटली. गॅसची शेगडी मंगेशनं कधीच नेली होती, तिथं फक्त चौकोनी डाग. जावेदभाईंनी हात जोडले, नमस्काराला की माफीला माहीत नाही, आणि खाली उतरले. त्यांनी काम पूर्ण केलं, चोख केलं, पण आमच्याकडं चहासुद्धा घेतला नाही.

मंगेशचा फोन अजून चालूच होता. देशमुखांनी तो माझ्याकडं दिला. मी जमेल तसं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वहिनी, एक सांगू? आई इथं आल्यापासून रोज दुपारी पातेलंभर पाणी उकळून सिंकमध्ये सोडायची. बायको चिडायची, गॅस जातो म्हणून. आई म्हणायची, खाली त्रास होतो गं त्यांना. आम्ही तिला किती समजावलं... अहो, आमचं घर तळमजल्यावर आहे. आमच्या खाली कोणीच नाही."

मी खाली आले. घरात वास नव्हता. म्हणजे लगेच कळलं नाही, दारात उभं राहिल्यावर काहीतरी कमी आहे असं वाटलं, तेव्हा कळलं. आई डोळे उघडे ठेवून पडल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. तेल काकूंचं नव्हतं, सगळ्यांचं होतं, सगळ्यात जास्त आपलं होतं. आणि मंगेश काय म्हणाला ते.

मला वाटलं रडतील. नाही रडल्या. छताकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला उठव."

सुनीलनी आणि मी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं. "कुठं जायचंय आई?" तर चांगल्या हातानं बाल्कनी दाखवली. खुर्ची उंबऱ्यावर अडली, ती उचलून घ्यावी लागली. कोपऱ्यात नेल्यावर त्यांनी उजवा हात पाइपावर ठेवला. हात फार वेळ उचलून धरवेना म्हणून मी खालून आधार दिला, माझी बोटंही पाइपाला टेकली. म्हणून मला माहीत आहे की पाइप अजून कोमट होता.

"नले," आई म्हणाल्या.

नळाखाली बादली ठेवलेली होती, बाहेर कोणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती, मागं सुनील उभे. मला वाटलं, विसरल्या काय बोलायचं ते.

"नले, लई झालं. मी बोलले ते मनावर घेऊ नको. वाईट तोंड माझं, तुला तर ठावच हाय." श्वास घेतला. "राहू दे आता. दमली असशील. हितलं आम्ही बघतो."

आम्ही तिघं तशीच थांबलो. पाइप हळूहळू गार झाला. मला तो आईंच्या हाताखाली गार होताना कळला.

त्यानंतर तसं पाणी कधी आलं नाही.

दुपारी आईंनी वरण-भात मागितला. थोडा खाल्ला, संध्याकाळी आणखी थोडा. नळी घालावी लागली नाही. सुनीलनी तो दुसऱ्या जागेचा विषय पुन्हा काढला नाही, मीही नाही. आता आमच्या लाइनीतल्या तिन्ही घरांनी पाळ्या लावून घेतल्यात. ताटं पुसून घासायची, तेल बाटलीत भरायचं, आणि ज्याची पाळी त्यानं दुपारी पातेलंभर गरम पाणी सोडायचं. माझ्या पाळीला मी कामावरून आल्या आल्या पातेलं चढवते. हात भरून येतात, पण सोडते.

ह्यावर मला अनेकांनी अनेक कारणं दिली. कोणी म्हणालं पाइपात पाणी अडकून राहतं आणि नंतर सुटतं. असेल. पण थंडीत, सावलीतल्या पाइपात, हात भाजेल इतकं गरम? कोणी म्हणालं शेजारच्या लाइनीतून आलं असेल. जावेदभाईंनी ती शक्यता तेव्हाच तपासली होती, दोन्ही लाइनी वेगळ्या आहेत. हॉस्पिटलमधल्या एका डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही त्या काळात फार थकला होता का?" मी म्हटलं, "सर, मी अजून थकलेली आहे. पण जावेदभाईंचा हात भाजला होता."

मागच्या महिन्यात आईंना भरवताना मी एकदा विचारलंच. "आई, तुम्हाला आधीपासून माहीत होतं का, की त्याच आहेत?"

त्यांनी घास चावून गिळला. माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "दूध उतू चाललंय बघ."

खरंच चाललं होतं. मी उठले, गॅस बंद केला, ओटा पुसला. परत आले तोवर त्यांचा डोळा लागला होता. पुन्हा विचारलं नाही. माझ्याकडं ह्याचं उत्तर नाही, आणि त्यांच्याकडं असलं तरी त्या ते कोणाला देतील असं मला वाटत नाही.